दोन जुड्या आणि एक दिवा : यहुदी गूढविद्येची ओळख

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात यहुदी, म्हणजे ज्यू लोकांच्या गूढविद्येवर लेख कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. ते साहजिक आहे. पण आपल्या अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, कबुतर आहे, अजगर आहे आणि मान वर न करता बाण घडवत बसलेला कारागीरही आहे. ज्याच्याजवळ जे घेण्यासारखे असेल ते घ्यावे, ही दत्तसंप्रदायाची जुनी रीत. बेदरच्या यवन राजाला श्रीनृसिंहसरस्वतींनी कसे जवळ केले, ते आपण गुरुचरित्राच्या प्रत्येक सप्ताहात वाचतोच. तेव्हा शेजारच्या अंगणात दोन घटका जाऊन बसायला आपल्याला संकोच नको.

मी या विषयाकडे वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. गुरुवारच्या आरतीनंतर सभामंडपात थोडी मंडळी बसतात. त्यांत कुणीतरी विचारले, "आपल्या यंत्रातला षट्कोन आणि इस्रायलच्या झेंड्यावरचा तारा एकच कसा हो? त्यांची विद्या आपल्याकडून गेली, की आपली तिकडून आली?" याचे उत्तर पुढे देतो, ते अनेकांना वाटते तसे नाही. पण ते शोधताना यहुदी साधकांविषयी जे वाचायला मिळाले, त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. या परंपरेने आपले सर्वांत खोल रहस्य अरण्यात किंवा गुहेत ठेवले नाही. ते घरात, जेवणाच्या पानाशी आणून ठेवले. संसारात केस पांढरे झालेल्या आपल्यासारख्यांना हे कळावे, म्हणून हा लेख.

१. कबाला म्हणजे काय?

यहुदी धर्माचा पाया थोडक्यात सांगायचा तर असा : ईश्वर एक आहे, तो निराकार आहे आणि त्याची मूर्ती करायची नाही. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजे तोराह, हे त्यांचे मुख्य शास्त्र. त्याची भाषा हिब्रू. काय खावे, काय खाऊ नये, शनिवारी कोणती कामे वर्ज्य, असा मोठा आचारधर्म त्यातून निघाला. हे झाले बाह्यांग. या अक्षरांच्या आणि आचारांच्या आड काय आहे, असे विचारत आत शिरणारी जी परंपरा, तिला 'कबाला' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'स्वीकारलेले'. गुरूने दिले आणि शिष्याने घेतले, ते. आपण 'परंपरेने आले' म्हणतो, तसेच.

आता एक अडचण बघा. आपल्यासमोर त्रिमुखी, षड्भुज मूर्ती असते. माला, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र अशा एकेका वस्तूवर मन ठेवता येते, तिचा अर्थ उलगडता येतो. तिकडे मूर्तीचे दार बंद. मग मन ठेवायचे कशावर? यहुदी साधकांनी दुसरी साधने घेतली : अक्षर, अंक, रथ, झाड, भांडे, दिवा, नवरी. ही प्रतीके पुजायची नाहीत, मनात उलगडायची. त्यांच्या सगळ्या प्रतीकविद्येची किल्ली इथे आहे.

२. रथ आणि बागेत गेलेले चौघे

या परंपरेचा सर्वांत जुना धागा रथाचा. इ. स. पूर्व सहाव्या शतकात बॅबिलोनच्या राजाने अनेक यहुद्यांना कैद करून आपल्या देशात नेले. त्यांत यहेज्केल नावाचा पुरोहित होता. खबार नदीच्या काठी त्याला दर्शन झाले : वादळ, अग्नी, आणि त्यात चार जीव. प्रत्येकाला चार तोंडे, माणसाचे, सिंहाचे, बैलाचे आणि गरुडाचे. चाकांत चाके. वर नीलमण्यासारखे सिंहासन. देवाचे मंदिर मागे यरुशलेमेत राहिले, आपण परमुलखात पडलो, असे ज्यांना वाटत होते त्यांना या दर्शनाने सांगितले, की देवाच्या आसनाला चाके आहेत. जिथे त्याची माणसे, तिथे तो येतो.

पुढच्या काळात साधक या रथाचे ध्यान करू लागले. पण जाणत्यांनी ताकीद दिली : हा विषय चारचौघांत शिकवायचा नाही, एकालाही शिकवायचा तो ज्याला आपले आपण समजेल अशालाच. यावर तालमूद या त्यांच्या मोठ्या ग्रंथात एक कथा आहे. चार पंडित 'बागेत' शिरले. एक तिथेच मेला. दुसऱ्याचे मन भ्रमले. तिसऱ्याने रोपे उपटली, म्हणजे त्याची श्रद्धाच गेली. चौथे रब्बी अकिवा मात्र शांतपणे आत गेले आणि शांतपणे बाहेर आले.

यात महत्त्वाचे काय? 'बाहेर आले' हे. आत जाणारे चौघे होते. परत येऊन लोकांना शिकवणारा एकच निघाला. आपण ज्याला अधिकार म्हणतो त्याची ही त्यांची कसोटी. दर्शन किती मोठे झाले यावर ती लागत नाही. माणूस दर्शनानंतर घरी धड परत येतो का, यावर लागते.

३. अक्षरे आणि नाम

हिब्रूत मूळ अक्षरे बावीस. 'सेफेर येत्सिरा', म्हणजे 'निर्मितीचे पुस्तक', हा अगदी छोटा जुना ग्रंथ आहे. त्यात म्हटले आहे की दहा मूळ अंक आणि बावीस अक्षरे अशा बत्तीस वाटांनी देवाने जग घडवले. बावीस अक्षरांचे तीन भाग केले आहेत. तीन 'माता' अक्षरे, त्यांचा संबंध वायू, जल आणि अग्नी यांच्याशी. सात अक्षरांचा सात ग्रहांशी आणि सात वारांशी. बारा अक्षरांचा बारा महिन्यांशी. मातृका न्यास ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ध्वनी आधी, सृष्टी मागाहून.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकही असतो. आपल्याकडील कटपयादी पद्धतीसारखे समजा. त्यावरून शब्दांची बेरीज करतात. एक उदाहरण देतो, सोपे आहे. 'एहाद' म्हणजे 'एक'. त्यातली अक्षरे १, ८ आणि ४, बेरीज १३. 'अहवा' म्हणजे 'प्रेम'. अक्षरे १, ५, २ आणि ५, बेरीज १३. दोन्ही मिळून २६. आणि देवाच्या चार अक्षरी नामाची बेरीज? १०, ५, ६ आणि ५, म्हणजे २६. एकत्व आणि प्रेम एकत्र आले की नाम पुरे होते, असा बोध यातून साधक घेतात. लॉटरीचा आकडा काढायला ही बेरीज नाही. प्रार्थनेत 'एक' हा शब्द उच्चारताना 'प्रेम' आठवावे, एवढ्यासाठी आहे.

ते चार अक्षरी नाम मात्र कुणी उच्चारत नाही. पोथीत ते आले की तिथे 'प्रभू' अशा अर्थाचा दुसरा शब्द वाचतात. बोलण्यात तर नुसते 'हाशेम' म्हणतात, म्हणजे 'ते नाम'. आपण अखंड नामाचा गजर करणारे. ते नाम ओठांवर न आणता जपणारे. रीत उलटी दिसते, पण नामाचा मान दोहोंकडे तेवढाच.

तेराव्या शतकात स्पेनमधील अब्राहाम अबुलाफिया या साधकाने अक्षरांची जुळणी आणि श्वास यांची सांगड घालून ध्यानाची पद्धत शिकवली. अक्षरे लिहायची, फिरवायची, पुटपुटायची, आणि मनाच्या गाठी सैल होऊ द्यायच्या. नामस्मरण करणाऱ्याला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको.

४. दहा पात्रे

याच तेराव्या शतकात स्पेनमध्ये 'झोहार' हा कबालाचा प्रमुख ग्रंथ पुढे आला. झोहार म्हणजे तेज. भाषा अरामी. परंपरा मानते की हा दुसऱ्या शतकातील ऋषितुल्य रब्बी शिमोन बार योहाय यांचा उपदेश. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांनी या विद्येचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या मते ग्रंथाचा मुख्य भाग मोशे दे लेओन (मृत्यू १३०५) यांच्या हातचा. आपल्याकडेही ग्रंथकर्तृत्वाचे असे वाद आहेत. भाविक त्यावरून पोथी मिटून ठेवत नाही.

झोहारचा गाभा असा. परमेश्वराचे मूळ स्वरूप 'एन सोफ', म्हणजे ज्याला अंत नाही असे. त्याविषयी काहीच बोलता येत नाही. पण त्या अनंताचा प्रकाश दहा रूपांनी जगापर्यंत उतरतो. त्यांना 'सेफिरोत' म्हणतात. त्यांची नावे अशी : केतेर (मुकुट), होखमा (प्रज्ञा), बिना (आकलन), हेसेद (कृपा), गेवुरा (सामर्थ्य, कठोर न्याय), तिफेरेत (सौंदर्य, समतोल), नेत्साह (चिरस्थायित्व), होद (वैभव), येसोद (पाया) आणि मालखूत (राज्य). यांची मांडणी झाडासारखी करतात. उजवीकडे एक खांब, डावीकडे एक आणि मधोमध एक.

मग हे दहा देव का? नाही. सोळाव्या शतकातल्या मोशे कोर्दोव्हेरो या आचार्यांनी फार सोपा दृष्टांत दिला आहे. पाणी एकच, ते निरनिराळ्या रंगांच्या भांड्यांत ओतले की लाल, पांढरे, हिरवे दिसते. रंग भांड्याचा, पाण्याचा नव्हे. त्रिमूर्तीकडे पाहून 'तीन देव का हो?' असे विचारणाऱ्या नातवंडांना आपण जे उत्तर देतो, त्याच्या जवळ जाणारे हे उत्तर आहे.

या दहांतील एक जोडी गृहस्थाने ध्यानात घ्यावी : हेसेद आणि गेवुरा, कृपा आणि आवर. नातवाने तिसरा लाडू मागितला की आजोबांचा हात डब्याकडे जातो, ती कृपा. आई म्हणते, "पुरे, पोट बिघडेल", तो आवर. नुसती कृपा असली तर मूल बिघडते, नुसता आवर असला तर कोमेजते. कबाला सांगते की देवाच्या ठायीसुद्धा ही दोन्ही आहेत, आणि दोहोंचा मेळ जमतो त्या जागेला 'तिफेरेत', म्हणजे सौंदर्य म्हणतात. न्याय प्रेमापासून तुटून एकटा पडला की तिथूनच वाईटाचा उगम होतो, असे झोहारचे मत आहे. घराघरांतली भांडणे पाहिली की हे पटते.

शेवटची 'मालखूत' म्हणजेच 'शेखिना', जगात राहणारे देवाचे सान्निध्य. तिचे वर्णन स्त्रीरूपाने करतात : राणी, कन्या, नवरी. लोक परागंदा झाले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर वनवासात निघाली, असे ते मानतात. यहेज्केलने पाहिलेला चाकांचा रथ इथे पुन्हा आठवावा.

५. सफदचे गुरू आणि फुटलेली भांडी

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने हुकूम काढला : यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. शतकानुशतकांची घरे, दुकाने, कबरी मागे टाकून माणसे निघाली. काही पुढे गालील प्रांतातल्या सफद या डोंगरावरच्या गावी येऊन राहिली. सोळाव्या शतकात या लहानशा गावात केवढी माणसे एकत्र आली, बघा. कोर्दोव्हेरो तिथलेच. आजही यहुदी घरांत ज्याच्या आधारे आचार पाळतात तो धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिणारे योसेफ कारोही तिथलेच. आणि हे शास्त्री स्वतः गूढ साधकही होते.

१५७० मध्ये तिथे इसहाक लुरिया आले. जन्म यरुशलेमचा, १५३४चा. वाढले इजिप्तमध्ये, तिथे व्यापारही केला. सफदला आल्यावर दोनच वर्षांत, १५७२ साली, अडतिसाव्या वर्षी साथीच्या रोगात ते गेले. स्वतः त्यांनी जवळजवळ काही लिहिले नाही. शिष्य हाईम विताल यांनी जे ऐकले ते लिहून ठेवले, म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळते. गुरू दोन वर्षांचा, काम शतकांचे.

घरदार गमावलेल्या लोकांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता : देव सर्वत्र आहे, तर जग असे मोडके का? लुरियांचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी 'त्सिमत्सूम', म्हणजे आकुंचन. सर्वत्र तोच भरून होता. मग जगाला जागा कुठली? म्हणून त्याने स्वतःला आवरून घेतले, आत ओढून घेतले आणि जागा मोकळी केली. सृष्टीची पहिली क्रिया मागे सरण्याची. मला हे वाचताना आपल्याच घरांतील थोरली माणसे डोळ्यांसमोर आली. सासूबाई एके दिवशी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून सुनेच्या हाती देतात आणि स्वयंपाकघराच्या दारातून दोन पावले मागे होतात. प्रेम आटले म्हणून का त्या मागे होतात? उलट, प्रेमाचे ते सर्वांत अवघड रूप. मुलाचे दुकान, मुलाचे निर्णय, परदेशातला त्याचा संसार यांना जागा देताना आपल्याला जे जड जाते, त्याला या विद्येत सृष्टिकर्त्याचे पहिले कर्म म्हटले आहे.

दुसरी पायरी 'भांडी फुटणे'. मोकळ्या जागेत प्रकाश उतरला. त्याला धरणारी भांडी होती. खालच्या भांड्यांना तो भार सोसला नाही. ती फुटली, आणि प्रकाशाचे कण खापऱ्यांबरोबर सगळीकडे विखुरले. म्हणून प्रत्येक वस्तूत काहीतरी तुटलेले आहे, आणि प्रत्येक तुटलेल्या तुकड्यात एक ठिणगी आहे.

तिसरी पायरी 'तिक्कून', म्हणजे दुरुस्ती. ती कोणी करायची? माणसाने. कशाने? प्रार्थनेने, दानाने, नेमाच्या साध्या आचाराने. मात्र तो 'कव्वाना' ठेवून करायचा. कव्वाना म्हणजे मनाचा रोख. आपण भाव म्हणतो तो. हात धुताना, भाकरी मोडताना, मन तिथे असेल तर एक ठिणगी वर उचलली जाते. केवढे मोठे काम आणि केवढे लहान माप!

६. दोन जुड्या

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. ज्यांच्या नावावर झोहार आहे त्या शिमोन बार योहाय यांची तालमुदातली कथा आहे. रोमन सत्तेने त्यांना मृत्युदंड ठोठावला, तेव्हा ते मुलाला घेऊन गुहेत लपले. कॅरबच्या झाडाच्या शेंगा खायच्या, झऱ्याचे पाणी प्यायचे आणि दिवसभर अध्ययन करायचे. अशी बारा वर्षे गेली. संकट टळले तेव्हा बापलेक बाहेर आले. समोर शेतकरी नांगरत होते, पेरत होते. त्यांना राग आला : शाश्वत सोडून हे लोक मातीत काय खेळत बसले! त्यांची दृष्टी जिथे पडली तिथले जळून गेले. तेव्हा आकाशवाणी झाली : माझे जग जाळायला बाहेर आलात का? परत गुहेत जा.

बारा महिने ते पुन्हा गुहेत राहिले. दुसऱ्यांदा बाहेर आले तो शुक्रवारचा दिवस कलला होता. एक म्हातारा 'हदास' या सुवासिक झुडपाच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने घरी चालला होता. विचारले, "या कशाला?" तो म्हणाला, शब्बाथाच्या मानासाठी. "एक पुरली नसती का?" तर म्हणाला, शास्त्रात दोन आज्ञा आहेत, हा दिवस आठवा आणि हा दिवस पाळा, म्हणून दोन. बाप मुलाला म्हणाला, या लोकांना आपला नेम किती प्रिय आहे, बघ. आणि दोघांचे मन निवाले.

तेरा वर्षांच्या गुहेतल्या तपाला पूर्णता कुणी दिली? त्या म्हाताऱ्याने. त्याचे नावही कथेत नाही. तपाने दृष्टीत अग्नी आला होता. त्या अग्नीचा दिवा झाला तो एका गृहस्थाच्या नेमाकडे पाहून.

सफदच्या साधकांनी हाच धागा पुढे नेला. शुक्रवारी संध्याकाळी ते शेतात जाऊन शब्बाथाचे स्वागत करीत, जशी लग्नघरी नवरी येते तसे. शब्बाथ म्हणजे राणी, शब्बाथ म्हणजे शेखिना. त्यांच्यातल्या श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेले स्वागतगीत आज जगभरातल्या यहुदी प्रार्थनालयांत शुक्रवारी म्हणतात. घरात सूर्य मावळायच्या आधी गृहिणी दिवे लावते, डोळ्यांवर हात धरून आशीर्वचन म्हणते. आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात. मेजावर कापडाखाली दोन पाव झाकलेले असतात. नवरा बायकोच्या गौरवाचे शास्त्रवचन गातो. रात्रभर वनवासी राणी त्या घरी मुक्कामाला असते, असा भाव. झाडाच्या फांद्या, दहा पात्रे, फुटलेली भांडी, हे सारे तत्त्वज्ञान त्या एका दिव्यापाशी उतरते.

७. कोकणातला धागा

हा धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन मिळतो. कोकणातले बेने इस्रायल आपले जुने शेजारी. पूर्वज नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले, असे ते सांगतात. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. मराठी त्यांची मायबोली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या चरित्रांवर मराठीत कीर्तनेही केली. हे लोक काही कबालाचे पंडित नव्हते. पण शनिवार न मोडणे, हा नेम त्यांनी ग्रंथांवाचूनही शतकानुशतके सांभाळला. दोन जुड्या घेऊन जाणारा तो म्हाताराच हा!

त्यांचा लाडका संदेष्टा एलियाहू हन्नबी. तो मेला नाही, अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला. आजही तो वेष पालटून हिंडतो, अडलेल्याच्या मदतीला येतो, अशी यहुद्यांची श्रद्धा आहे. लुरियांनाही त्याने दर्शन देऊन रहस्य शिकवले, असे शिष्य मानत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडताना, घरभरणीला, लग्नकार्यात बेने इस्रायल 'मलिदा' करतात : पोहे, ओले खोबरे, साखर, फळे ताटात मांडून एलियाहूचे स्मरण. दत्तमहाराज कोणत्या वेषात भिक्षेला दारी येतील सांगता येत नाही, हे ज्यांच्या आजीने शिकवले त्यांना ही श्रद्धा ओळखीची वाटेल.

आणखी एक गोष्ट. झोहारातल्या एका प्रकरणाचे यहुदी-अरबी बोलीतले भाषांतर १८८७ साली छापले गेले ते आपल्या पुण्यात. ज्यांचे लाल देऊळ पुणेकरांना ठाऊक आहे त्या बगदादी यहुद्यांसाठी, अब्राहाम डेव्हिड एझिकील यांनी ते काढले. असे गूढ बोलीभाषेत आणावे की नाही यावरून वाद झाला. ज्ञानदेव-एकनाथांच्या महाराष्ट्रात त्या वादाचा अर्थ कुणाला सांगावा लागणार नाही.

८. षट्कोनाचे उत्तर

आता सुरुवातीचा प्रश्न. षट्कोनी तारा हे यहुद्यांचे अतिप्राचीन रहस्यचिन्ह नाही. त्यांचे प्राचीन चिन्ह म्हणजे सात फांद्यांची दीपमाळ, मेनोरा. रोम शहरातल्या टायटसच्या कमानीवर ती कोरलेली आजही दिसते. षट्कोन मुसलमानांच्या, ख्रिस्त्यांच्या आणि आपल्याही नक्षीत जुना आहे. प्राग शहराच्या यहुद्यांनी मध्ययुगात तो झेंड्यावर घेतला, साऱ्या समाजाची खूण म्हणून तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला आणि १८९७ नंतर राष्ट्रीय चळवळीच्या झेंड्यावर स्थिरावला. आपल्या यंत्रातला षट्कोन शिवशक्तीचा. दोन त्रिकोण कुणीही एकमेकांवर ठेवले तरी षट्कोन होतो. म्हणून एकाने दुसऱ्याचा घेतला, असे ठरत नाही.

तशीच घाई इतरत्रही नको. झाडाचे तीन खांब म्हणजे दत्ताची तीन मुखे, असे कुणी म्हणेल. ते ओढूनताणून होईल. त्यांच्याकडे अवतार नाही, गुरूला देव मानत नाहीत, संन्यासाश्रम नाही. फरक आहे तिथे फरक राहू द्यावा. शेजार त्याने बिघडत नाही.

प्रतीकांचा बाजारही होतो. कबालाच्या नावाने लाल धागे, अंकांचे तोडगे विकले जातात. वर सांगितलेल्या उपासनेशी त्यांचा संबंध नाही. आणि धोका केवळ पैशाचा नव्हे. सतराव्या शतकात शब्बताय त्स्वी नावाच्या माणसाने, मीच तारणहार, असे जाहीर केले. लुरियांच्या विद्येचा आधार त्याला दिला गेला. देशोदेशीच्या लोकांनी घरदार विकायला काढले. १६६६ मध्ये तुर्की सुलतानापुढे उभे राहताच त्याने धर्मच बदलला. हजारोंची श्रद्धा हादरली. पुढे १७५६ साली ब्रोडी गावच्या धर्मसभेने बंधन घातले : झोहार तिशीनंतर, लुरियांचे ग्रंथ चाळिशीनंतर. आधी संसार, आधी आचार, मग रहस्य. चौघांपैकी बाहेर आलेला एकच, हे ते विसरले नव्हते.

९. आपण काय घ्यावे

आपल्यातले अनेक जण आता सप्ताहाला सलग बसू शकत नाहीत. गुडघे वळत नाहीत, डोळ्यांना पोथीची अक्षरे लागत नाहीत, गाणगापूरची वारी चुकते. मनाला वाटते, आता आपल्या हातून काय होणार? या परंपरेचे उत्तर असे आहे : ठिणगी उचलायला मोठे कर्म लागत नाही, मन तिथे लागते. संध्याकाळचा एक दिवा, दारी आलेल्याला दिलेली अर्धी भाकरी, धाकट्यांना मोकळी करून दिलेली जागा, एवढ्यानेही जगाची थोडी दुरुस्ती होते.

मननासाठी तीन गोष्टी सांगतो. आज घरात कुणाला जागा देऊन मी दोन पावले मागे होऊ शकतो? माझ्या बोलण्यात कृपा आणि आवर यांचा मेळ आहे का? आणि रोजचा दिवा लावताना माझे मन दिव्यापाशी असते, की दूरदर्शनच्या बातम्यांपाशी?

गुहेतल्या तपस्व्यांचे मन ज्याच्या नेमाने निवाले, तो म्हातारा सुवासिक पानांच्या दोन जुड्या घेऊन घरी चालला होता. दिवस मावळायच्या आत त्याला घर गाठायचे होते. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥